रेडिओवालीची दुभाषी

३ फेब्रुवारी, मंगळवार

जावयानं घरात बंदूक आणली! खरी नव्हे, पडद्यावरची. आवाज मात्र खरा. सकाळचा चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच बाहेरच्या खोलीत धडाधड सुरू. मी हातातली बशी सांडली.

एक काळा डबा, दोन वायरी आणि हातात धरायचं खेकड्यासारखं एक यंत्र. डबा आमच्या टीव्हीला जोडला आणि खेकडा मास्तरांच्या हातात दिला. मास्तर म्हणजे आमचे हे. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणते, कागदावर तरी. तोंडावर 'अहो'च.

हे सगळं रविवारमुळे. रविवारी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आता मशीन बंद. किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनला जोडून घ्यायचं आणि रक्त धुऊन आणायचं. 'मी काय कपडा आहे का?' म्हणाले. 'पुरे झालं.' डॉक्टरांशी ते आधीच बोलून आले होते, मला न सांगता! मशीन सोडलं तर आठवडा, फार तर दोन, असं डॉक्टर म्हणाला. आणि नाही सोडलं तर? तेव्हा म्हणे डॉक्टर स्वतःच्या पेनाकडे बघत बसला.

लेक रडायला लागली. मी भांडायला लागले. माझं रडणं असंच असतं. आणि जावई (लोण्याचा गोळा, एरवी पंखा लावू का हेसुद्धा बायकोला विचारून ठरवतो) म्हणाला, "बाबा, माझ्याकडे एक खेळ आहे. मोठी गोष्ट आहे, सुरुवात-शेवट सगळं आहे. तेवढा एक पुरा करा. मग तुमचं तुम्ही ठरवा."

मास्तर म्हणाले, "शेवट नक्की आहे ना? नाहीतर मालिकांसारखं व्हायचं."

"नक्की आहे."

"मग दिला शब्द. खेळ संपेपर्यंत मशीन. खेळ संपला की मशीन बंद. मग कुणी मधे यायचं नाही."

आणि तिघांशी हस्तांदोलन केलं! माझ्याशीसुद्धा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हात गार होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

मशीनचा वार. येताना टॅक्सीत उलटी. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खेळ बघितला. डोकं फिरलं माझं.

एक शहर आहे, त्याच्यावर छप्पर. अख्ख्या शहरावर! गंजक्या पत्र्याचं, आभाळाच्या जागी. ऊन सरकारच्या ताब्यात. ज्या गल्लीचं काम चांगलं तिच्यावरचा पत्रा थोडा वेळ सरकवतात, बाकीच्यांनी पिवळ्या दिव्यांत मरायचं. भिंतीभिंतीवर हसऱ्या बायकांची चित्रं आणि खाली 'उजेड कमवा'. कुठल्या नासक्या डोक्यातून हे निघतं? आणि पैसे देऊन लोक विकत घेतात! वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळत असताना!

मास्तरांच्या वाट्याचा माणूस ह्या शहरातून पळतोय. टोकाला म्हणे एक दार आहे, त्याच्या पलीकडे छप्पर नाही. तिथवर पोचायचं. वाटेत शिपाई. शिपायांना गोळ्या.

ज्या माणसानं आयुष्यात झुरळ मारलं नाही! झुरळ मी मारते, मास्तर खुर्चीवर चढतात. इथेही सवय सुटत नाही. शिपाई दिसला की गोळी घालायच्या आधी ओरडतात, "सावधान!" तेवढ्या वेळात शिपाई सावध होतो आणि ह्यांनाच गोळी घालतो.

"मेलो!" मास्तर म्हणतात. आनंदानं! आणि जिथे पडले तिथून थोडं मागे जाऊन पुन्हा उभे.

७ फेब्रुवारी, शनिवार

अखेर मलाही त्यात ओढलंच.

गोष्ट सगळी इंग्रजीत. खाली अक्षरं येतात, पण मास्तरांचा एक शब्द वाचून होईतो तिसरं वाक्य गेलेलं असतं. आणि त्या माणसाच्या कानात रेडिओ आहे. त्यावर एक बाई बोलते. कुठल्याशा मनोऱ्यात लपून बसलीय. तिला सगळं शहर दिसतं, ह्याला पुढचं वळणही दिसत नाही. तीच ह्याला वाट सांगते.

"अगं, ही काय म्हणते?"

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "म्हणते की रस्त्यावर पहारा आहे, गटारातून जा."

"असं नको. नीट सांग. कोर्टात सांगायचीस तसं."

आता कोर्टात मी कशी सांगायचे? आमच्या धंद्याचा एकच नियम, दुभाष्यानं 'तो म्हणतो की' म्हणायचं नाही. साक्षीदार म्हणाला 'मी' की आपणही 'मी'च म्हणायचं. जसंच्या तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. नोकरीत मी शेकडो खून कबूल केलेत. चोऱ्या, दरोडे, एकदा तर दोन बायका केल्याचंही कबूल केलं. वर न्यायाधीश बसलेले, खाली मी, मधे फक्त शब्द. निवृत्तीच्या दिवशी एकानं भाषणात म्हटलं, ह्या बाईंनी कधी स्वल्पविरामही खाल्ला नाही. तेवढं एक वाक्य त्या भाषणात खरं होतं.

म्हटलं, ठीक आहे. हात पुसले, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले. पण लगेच अडले. इंग्रजीत एकच 'यू'. देवालाही तेच आणि कुत्र्यालाही तेच. मराठीत तोंड उघडायच्या आधी नातं ठरवावं लागतं. ही रेडिओवाली ह्याला काय म्हणेल? दोघं पोलिसांपासून लपलेले, एकाच शहरात कुजतायत. तिथे कसलं अहोजाहो! तेव्हा मी म्हटलं, "ऐकतोयस ना? मी इथेच आहे. खाली बघ. गटाराची जाळी उघड."

मास्तरांनी खेळ थांबवला. माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. पुन्हा म्हण."

म्हातारचळ!

९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन. पिंढऱ्यांत गोळे. नर्स आणि मी दोघी मिळून पाय दाबून धरत होतो. शेजारच्या खाटेवरचा शिंपी म्हणाला, "मास्तर, कवायत करताय का?" मास्तर दात-ओठ खात म्हणाले, "विश्राम."

१० फेब्रुवारी, मंगळवार

रेडिओवाली शिव्या देते. मी भाषांतर करताना गाळल्या नाहीत. मठाच्या शाळेतल्या ननच्या हाती बारा वर्षं घडलेली बाई मी. आज दुपारी स्वतःच्या नवऱ्याला 'वळ की गाढवा, मरायचंय का?' म्हणाले. शेजारीण दारात उभी होती, हातातली वाटी तशीच घेऊन परत गेली.

मास्तर हसता हसता खोकले. किडन्यांमुळे पाणी मोजून, आणि दिवसाचा कप संपला होता, म्हणून बर्फाचा एक तुकडा दिला. तो त्यांनी गालात धरला आणि पुढची गल्ली पार केली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मला राग येतो तो कशाचा, हे आज जरा कळलं.

इतका आजारी माणूस. त्याला फुलं दाखवावीत, डोंगर दाखवावेत. लेकीनं समुद्राची चित्रफीत लावून दिली होती, नुसत्या लाटा. मास्तर म्हणाले, "पाणी दाखवून छळतेस का गं?" आणि पुन्हा त्या अंधाऱ्या शहरात गेले.

का? मी स्टुलावर बसून बघते ना, म्हणून कळतं. तिथला माणूस पळतो! घरात मोरीपर्यंत जाताना मास्तर दोनदा भिंतीला टेकतात. तिथे छपरावरून छपरावर उडी. त्या माणसाला तोंड नाही, पोट नाही, पाय नाहीत. दिसतात ते फक्त दोन हात. धडधाकट, सुया न टोचलेले. मास्तर मधूनच नुसते हात बघत उभे राहतात. वळवतात, मूठ मिटतात.

आणि तिथे कुणी ह्यांना 'आज छान दिसताय' म्हणत नाही. इकडे जो येतो तो म्हणतो. दूधवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो, जावई तर फोनवरही म्हणतो, न बघता! तिथे सगळं संपलंय आणि ते भिंतीवर लिहिलेलं आहे. सगळं वाईटच आहे म्हटल्यावर माणूस सुटतो. मग उरतं एवढंच, पुढचं दार कुठे आहे? आणि एक बाई कानात सांगते, डावीकडे.

मला कोण सांगतंय डावीकडे?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज अर्धा दिवस मास्तरांनी एकही गोळी झाडली नाही. एका रिकाम्या इमारतीत शिरले. खोल्याखोल्यांतून फिरले. टेबलावर अर्धवट टाकलेलं जेवण, खुंटीवर कोट, कोपऱ्यात लहान मुलाचे बूट, एक पालथा. मास्तर त्या बुटांपुढे उभे.

"ह्यांचं काय झालं, ते सांगत नाही का ती?"

"नाही. ती गप्प आहे."

"बरं केलं."

मग एका खोलीत भिंतीवर शाळेचं मैदान रंगवलेलं सापडलं. आखलेल्या रेघा, शिट्टी, खांब. मास्तरांनी बंदूक खाली केली. मला म्हणाले, "रेघा वाकड्या मारल्यात लेकाच्यांनी."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कानामागून आली आणि तिखट झाली ही रेडिओवाली! चहाच्या वेळी मी विचारलं, गोळी घेतलीत का? उत्तर नाही. खेळ लावल्यावर रेडिओवालीच्या आवाजात म्हटलं, "पुढे जायच्या आधी गोळी घे." लगेच घेतली. खिशातून काढून, पाण्याशिवाय!

हा पहिला शब्द मी माझ्या पदरचा घातला. कोर्टात असतं तर नोकरी गेली असती.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेक-जावई आले होते. लेक दारातूनच म्हणाली, "आई, बाबा किती रमलेत गं!" रमलेत! बालवाडीत घातलंय जसं काही.

जावई खेळापाशी बसला. त्याला पडद्यावर कोपऱ्यात बाण हवा होता, वाट दाखवणारा. मास्तरांनी तो पहिल्याच आठवड्यात काढायला लावला होता. "बाण बघून गाढवं चालतात. मला ही सांगते ना." ही म्हणजे मी की ती, ते काही बोलले नाहीत.

मग जावयानं कुठलीशी यादी उघडून बघितली आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा! बाबा, तुम्ही तर गिरण्यांच्या भागात पोचलात! हा शेवटचा. गिरणीखालून बोगदा, बोगद्यातून दार. झालं की!"

 'झालं की' म्हणजे काय, ते जावयाच्या थोड्या वेळानं लक्षात आलं. कान लाल झाले बिचाऱ्याचे. लेक उठून गच्चीवर गेली.

मास्तर म्हणाले, "झालं की."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी खोटं भाषांतर केलं.

रेडिओवाली म्हणाली, गिरणीच्या तळघरात उतर, तिथे बोगदा आहे.

मी म्हटलं, "गिरणीत जाऊ नकोस. बोगदा बुजवलाय. मनोऱ्याकडे मागे फिर, मी दुसरी वाट शोधते."

माझा आवाज हलला नाही. शब्द इतके सफाईनं आले की मलाच भीती वाटली. मास्तर वळले. संध्याकाळपर्यंत मनोऱ्याभोवती फिरत राहिले.

ननबाई सांगायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीची जीभ काळी पडते. मोरीत जाऊन आरशात जीभ बघितली. गुलाबी! म्हणजे ननबाईही खोटंच बोलायच्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आता मला रेडिओवालीची गरजच उरलेली नाही. ती एक बोलते, मी दुसरं बोलते. ती म्हणते बोगदा, बोगदा, बोगदा. पोपटासारखी! मी म्हणते, आधी बाजारातल्या माणसांना सोडव. आधी पुलावरचा दिवा लाव. पूल कुठे आहे मला ठाऊक नाही. मास्तर शोधतात. सापडत नाही, मरतात, उठतात, पुन्हा शोधतात.

नवीन पुरवणी जोडत जोडत खटला लांबवणारे वकील मी आयुष्यभर बघितले. मनात काय काय बोलायचे त्यांना!

२ मार्च, सोमवार

मशीन. वजन जास्त भरलं, म्हणून अंगातलं पाणी जास्त काढलं. रक्तदाब खाली गेला, डोळे पांढरे. नर्सनं खाट डोक्याकडून खाली केली. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी माझा हात चाचपला.

"पूल सापडला का?"

"अजून नाही," म्हटलं.

"मग उद्या बघू."

शब्द दिलाय ना! म्हणून येतात इथे. एवढ्यासाठीच. शब्दाचा पक्का माणूस, आणि शब्दाची दोरी माझ्या हातात.

५ मार्च, गुरुवार

जावयाचा फोन. "बाबा अजून गिरणीतच? तिथे तर अडायला काही नाही. येऊन बघू का?"

मी म्हटलं, "तुझं काम कर. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

 हळूच म्हणाला, "बरं, आई." त्याला कळलं. लोण्याच्या गोळ्याला कळलं! आणि तो लेकीला सांगणार नाही, हेही मला कळलं. पहिल्यांदा त्या माणसाबद्दल मला बरं वाटलं आणि ते असल्या कामात.

९ मार्च, सोमवार

हातातली नस बंद पडली. मशीनच्या सुया जिथे घालतात ती. आता तिथून रक्त जात नाही. मानेत नळी घातली. भूल दिली म्हणे. मी पडद्याबाहेर उभी होते. मास्तर ओरडले. मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला आवाज जायचा तसे नाही. लहान मुलासारखे ओरडले.

नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा म्हणतात, अजून खेळ संपला नाही. कुठला खेळ हो?"



१० मार्च, मंगळवार

खाज. अंगभर. पाठ खाजवून देताना माझ्या नखांत कातडी येते.

तरी दुपारी खेळायला बसले. मानेतल्या नळीमुळे डोकं वळत नाही, म्हणून पडदा समोर सरकवून घेतला. मी म्हटलं, "कारखान्याच्या मागून जा. तिथे एक शिडी आहे." शिडी नव्हती. शिपाई होते.

"मेलो," मास्तर म्हणाले. आज आनंदानं नाही.

पुन्हा गेले. पुन्हा. मग खेकडा मांडीवर ठेवला.

"ही रेडिओवाली खोटं बोलते का गं?"

"तिलाच विचारा."

"तिला मराठी कुठे येतं?"

 ते पडद्याकडेच बघत होते. तो माणूस तिथे नुसता उभा, श्वास घेतोय. दोन्ही हात थोडे वर-खाली होतात. खेळात माणूस उभा राहिला की असंच होतं.

"तिला एकटीला भीती वाटत असेल," मास्तर म्हणाले. "मनोऱ्यात."

मग खेकडा उचलून पुन्हा त्याच गल्लीत गेले, जिथे शिडी नाही हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

११ मार्च, बुधवार

मशीन.

१२ मार्च, गुरुवार

रागानं लिहितेय. कुणावर, ते विचारू नये.

सरकार पत्रा सरकवतं, थोडं ऊन देतं, पुन्हा पत्रा लावतं. 'उजेड कमवा.' मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, कुठल्या नासक्या डोक्यातून हे निघतं? डोकं कुठे शोधायला जायला नको! इथेच आहे, चष्मा लावून स्टुलावर बसलेलं. पाण्याचा कप मोजून देतं. बर्फाचा तुकडा देतं, चांगलं वागल्याबद्दल. दाराची वाट माहीत असून माणसाला गल्ल्यांतून फिरवतं आणि मग स्वतःच त्याच्या पाठीला तेल लावतं.

पण मी काय करू? मला तो हवाय. खाजणारा, ओकणारा, माझ्यावर खेकसणारा. दुसरा कुठे मिळतो?

हे कुणाला बोलून दाखवलं तर म्हणतील, साहजिक आहे. साहजिक! चोराला विचारलं तर चोरीही साहजिकच असते.

१५ मार्च, रविवार

लेक आली होती. बाबांच्या मानेतली नळी बघून स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी कपबशा विसळत होते.

"आई, खेळ लवकर संपू देऊ नको, असं मी रोज म्हणते. आणि आज..."

"आज काय?"

"काही नाही."

"बोल की. अर्धं वाक्य टाकू नये."

"आज म्हटलं नाही," ती म्हणाली.

मी त्याच बशीवरून पुन्हा पुन्हा फडका फिरवत राहिले. तिनं माझ्या हातातून बशी काढून घेतली.

१६ मार्च, सोमवार

मशीन. येताना मास्तरांना टॅक्सीतून उतरवताना चालकानं हात दिला. पायऱ्यांवर मास्तर मधेच बसले. वर बघून म्हणाले, "किती पायऱ्या राहिल्या?"

"थोड्याच."

"खरं सांग."

"अर्ध्या."

"हं. खरं सांगितलं की चढता येतं."

बसले थोडा वेळ. मग चढले.

१७ मार्च, मंगळवार

आज खेळाला सुटी दिली. मास्तर दिवसभर झोपून. मी खुर्चीत बसून नुसता पडदा लावला. आवाज बंद. तो माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा. मला चालवता येत नाही, बटणं कळत नाहीत. चुकून काहीतरी दाबलं आणि त्यानं बंदूक खाली ठेवली. मग दोघंही तसेच, तो तिथे, मी इथे.

गिरणी समोरच दिसते. इतके दिवस तिच्यासमोरून गेलो. दार सताड उघडं.

१८ मार्च, बुधवार

मशीनवर असताना मास्तरांनी विचारलं, "उद्या बसशील ना स्टुलावर?"

म्हटलं, बसेन.

१९ मार्च, गुरुवार

एकही शब्द बदलायचा नाही असं ठरवून बसले. कोर्टासारखं. गिरणी, तळघर, बोगदा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मास्तर बोगद्यातून धावत सुटले.

दार आलं. लोखंडी, उंच, फटीतून पांढरा उजेड. मास्तरांनी कडीला हात घातला आणि रेडिओवाली बोलली. असा आवाज तिनं आजवर कधी काढला नव्हता. म्हणाली, उघडू नकोस. तू गेलास की मला ऐकणारं कुणी उरत नाही. मागे फिर, आणखी थोडे दिवस, हात जोडते.

"काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, "उघड. मी राहीन नीट."